सुभेदारांचं वेटोळं

वाईचे पाहुणे दारात येऊन उभे राहिले तेव्हा आकाराम सुभेदारांना उठता येत नव्हतं. मांडीवर हातभर लांबीचा पीव्हीसी पाइप होता आणि त्याच्याभोवती तांब्याची केसासारखी बारीक तार वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळत आणली होती. अंगठा जरा ढिला पडला असता तर सगळी तार उसळून खाटेखाली गेली असती. सकाळी एकदा गेलीच होती.

"या, या, बसा," सुभेदार बसल्या जागेवरून म्हणाले. "उठत न्हाई, गैरसमज नको. हात गुतलाय."

स्वयंपाकघरात मनुबाईंनी डोळे मिटून घेतले. लेकीच्या लग्नाची बोलणी, आणि बाप पाइप घेऊन बसलेला!

त्यांची शिवांजली पुण्यात नोकरी करत होती. तिथल्याच सौमित्रशी तिनं लग्न ठरवलं होतं. पोराचं घर वाईच्या घाटाजवळचं, माणसं शाकाहारी, जात वेगळी. सुभेदारांचं घर आटपाडीच्या अलीकडं, डाळिंबाच्या बागेत, आणि रविवारी मटणाशिवाय न भागणारं. दोन्हीकडची माणसं आज पहिल्यांदाच भेटत होती. कोण काय विचारेल आणि आपण काय उत्तर द्यायचं, याची तयारी पोरांनी महिनाभर केली होती. पाइपाची तयारी मात्र कुणीच केली नव्हती.

सुभेदार फौजेच्या सिग्नल तुकडीतून, म्हणजे वायरलेसच्या कामातून, निवृत्त झाले होते. सांगलीच्या भंगार बाजारात त्यांना जुन्या ट्रान्समीटरचा एक व्हॉल्व्ह सापडला. काचेचा, लहानशा दुधीएवढा, आणि धडधाकट. असला जवान भंगारात पडलाय हे त्यांना बघवलं नाही. त्यांनी तो पायमोज्यात गुंडाळून घरी आणला आणि त्यावर टेस्ला कॉइल करायची ठरवली. म्हणजे तार न लावता ट्यूबलाइट पेटवणारं आणि टोकावर विजेची ज्योत काढणारं यंत्र.

"करा की," मनुबाई म्हणाल्या होत्या, "पर पेन्शनीतला रुपया त्या काचंच्या दुधीवर जाणार न्हाई."

मग सुभेदारांनी घरच धुंडाळलं. लेकीनं दिलेल्या मायक्रोवेव्हमध्ये मनुबाई पापड ठेवत. त्यातला ट्रान्सफॉर्मर गेला, पापडांना आणखी जागा झाली. पाइप बागेतला. तार मोटार वायंडिंगवाल्यानं डाळिंबांच्या बदल्यात दिली. सगळं बसवायला पोळपाट घेतला. तेव्हापासून मनुबाई चपात्या ताटावर लाटत होत्या.

सौमित्रचे वडील अण्णा वाईत वह्या-पुस्तकांचं दुकान चालवत. ते खुर्चीत टेकले, पाइपाकडं बघितलं आणि पुढं सरकले.

"सेकंडरी कॉइल का?"

सुभेदारांचे डोळे लकाकले. "तुमाला कसं कळलं?"

"जुने रेडिओ दुरुस्त करतो मी. व्हॉल्व्हवर चालवणार?"

"तर वं!"

अण्णांनी खुर्ची खाटेला भिडवली आणि रीळ हातात घेतलं. ते तार सोडत, सुभेदार ओढून घेत. चहा आला तेव्हा सुभेदारांचे दोन्ही हात अडकलेले. अण्णांनी एका हातानं बशी उचलली, फुंकर घातली आणि मुलीच्या बापाच्या तोंडाला लावली. सौमित्रच्या आई, प्रमोदिनीबाई, हे बघतच राहिल्या. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण त्यांना अण्णांनी पाण्याचा पेलाही कधी दिला नव्हता.

दुपारी वांग्याचं भरीत आणि भाकरी झाली. जेवताना लग्नाचा विषय दोनदा निघाला, दोन्ही वेळा कपॅसिटरवर गेला. हात धुतल्याबरोबर दोघांनी पुरं झालेलं वेटोळं गोठ्यात नेऊन पोळपाटावर बसवलं. म्हैस बाहेर शेवग्याला बांधली, अंधारासाठी ताडपत्री सोडली. सुभेदारांनी सगळ्यांना लांब उभं केलं. "एक हात खिशात ठेवा. फौजेचा नियम हाय. हाय व्होल्टेजला दोन हात दाखवायचे नसत्यात."

त्यांनी बटण दाबलं. व्हॉल्व्ह आतून नारिंगी उजळला. पाइपाच्या टोकावर मात्र काहीच नाही. बाहेर म्हैस तेवढी ओरडली.

"फीडबॅकचं वेटोळं उलटं जोडलंय तुम्ही," अण्णा म्हणाले. "त्याच्या दोन तारांची अदलाबदल करा."

"उलटं? म्या सरहद्दीवर बर्फात सेट चालवल्यात अण्णा. व्हॉल्व्ह तापला न्हाई अजून."

"तापलाय. दिसतंय मला."

"रेडिओ दुरुस्त करणं येगळं."

"आणि तयार सेटची बटणं दाबणंही वेगळं, सुभेदार."

सुभेदारांनी प्लग उपटला. अण्णांनी खिशातला हात बाहेर काढला आणि म्हणाले, "प्रमोदिनी, चल. निघू आपण."

शिवांजली आणि सौमित्र एकमेकांकडं बघत राहिले. जातीवर उत्तर तयार होतं, मटणावर होतं, पुण्यातल्या फ्लॅटवर होतं. वेटोळ्यावर नव्हतं.

मनुबाईंनी नवऱ्याला चुलीपाशी गाठलं. "आवं, पोरीचं लगीन मोठं का ती तार मोठी? जावा, ते म्हणत्यात तसं करून या."

सुभेदार गोरेमोरे झाले. कुणी बघत नाही असं पाहून ते मागच्या बाजूनं गोठ्यात शिरले, तारांची अदलाबदल केली आणि आले.

इकडं प्रमोदिनीबाईंनी अण्णांना गाडीजवळ थोपवलं. "अहो, तुम्ही दुरुस्त केल्यापासून आपला मिक्सर बंद आहे. तुम्ही कुणाला शिकवता? आधी समजूत काढा त्यांची."

अण्णांनाही वाटलं, आपण जास्त बोललो. पण नुसती माफी मागून यंत्र कसं चालणार? त्यांनी विचार केला, हळूच जाऊन तारा बदलाव्यात आणि म्हणावं की व्हॉल्व्हच तापला नव्हता. माणसाचा मान राहील, यंत्रही चालेल. तेही गोठ्यात जाऊन आले.

थोड्या वेळानं दोघं अंगणात समोरासमोर आले.

"सुभेदार, तुमचंच बरोबर होतं," अण्णा म्हणाले. "व्हॉल्व्ह तापला नव्हता. आता चालेल बघा."

"छ्या, छ्या! तुमचंच बरोबर. वेटोळंच उलटं हुतं."

"नाही हो, तुमचंच."

"माझं कशाचं डोंबलाचं? तुमचंच!"

एवढ्या गोडीनं माणसं भांडताना मनुबाईंनी कधी पाहिली नव्हती. सगळे पुन्हा गोठ्यात गेले. सुभेदारांनी बटण दाबलं. व्हॉल्व्ह उजळला. टोकावर काही नाही.

अण्णांच्या कपाळाला आठी पडली. "असं कसं? मी स्वतः तारा बदलल्या."

सुभेदारांनी बटण बंद केलं. "तुमी बदलल्या? कवा?"

"आत्ताच. गाडीपासून येताना."

"आरं माझ्या कर्मा! म्या बी बदलल्या हुत्या, तुमच्या आधी!"

"म्हणजे मी परत…"

"परत हुतं तसंच केलंसा!"

सौमित्रला हसू आवरेना. शिवांजलीनं प्लग काढला, लाकडी मुठीच्या पेचकसानं कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवली आणि तारा बदलल्या. "आता कुणी गोठ्याबाहेर जाऊ नका," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

घर्रर्र आवाज झाला आणि टोकावरून वीतभर जांभळी ज्योत उभी राहिली. टोकाला फाटे फुटलेली, मक्याच्या तुऱ्यासारखी. अण्णांनी लांब धरलेली जुनी ट्यूबलाइट त्यांच्या हातात आपोआप पेटली. सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. अण्णा ट्यूब हातात घेऊन मिरवणुकीत चालावं तसे गोठाभर फिरले.

तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरच्या हरिबाचा फोन आला. "सुभेदार, आमचा टीव्ही गुरगुरायला लागलाय. तुमच्याकडं काय चाललंय?"

"सोयरीक!" सुभेदार ओरडले.

बाहेर काड्कन आवाज झाला. शेवग्याची फांदी मोडून म्हैस दाव्यासकट बागेत घुसली होती. दोघं बाप तिच्यामागं धावले. डाळिंबाच्या काट्यांतून "तिच्या आडवं व्हा अण्णा!", "मला शिंगं दिसतायत सुभेदार!" असं ऐकू येत राहिलं.

बायका ओट्यावर बसल्या. मनुबाईंनी सुपारी कातरली आणि विचारलं, "आमच्यात मटण असतंय. चालंल का तुमाला?"

"लग्नात नको, एवढंच," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "नंतर सौमित्र काय खातो ते मी विचारत नाही. आताही विचारत नाही."

सौमित्र शेवग्याकडं बघू लागला. साताऱ्याला लग्न करायचं, ते दोघींना सोयीचं पडत होतं. दिवाळीनंतरची तारीख ठरली. पोरांना विचारलं, पोरं हो म्हणाली.

म्हैस घेऊन दोघं परतले तेव्हा अण्णांचा सदरा बाहीपासून फाटला होता आणि सुभेदारांच्या एका पायात चप्पल नव्हती.

"लगीन ठरलं," मनुबाई म्हणाल्या.

"आमाला न इचारता?"

"तुमी कुठं हुता?"

सुभेदारांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी घसा खाकरला. "मी काय म्हणतो, हॉलमध्ये स्टेजच्या दोन्ही बाजूंना एकेक कॉइल जर…"

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.