ताजा, गोड शेवट

हिज्कीया राजाच्या चौदाव्या वर्षी यरुशलेमात अंजिरं उदंड झाली, आणि ती खायला कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. अश्शूरचं सैन्य यहूदाची तटबंदीची गावं एकामागून एक गिळत येत होतं. राजाने शहराबाहेरचे झरे बुजवले होते. नव्या भिंतीला दगड हवेत म्हणून तटाजवळची घरं पाडली होती. मी अटारा, मासळी वेशीत अंजिरं विकणारी विधवा. बावीस उन्हाळे एकाच दगडावर बसले. राजाचं सिंहासन हलेल, पण माझा दगड हलणार नाही, अशी माझी समजूत होती.

पाडलेल्या घरांतल्या एका घरची होग्ला त्या उन्हाळ्यात माझ्यासमोर येऊन बसली. ती उत्तरेची. तिथलं राजधानीचं शहर शोमरोन पडलं तेव्हा मुलगी कडेवर घेऊन पळून आलेली. इतकी वर्षं ती आपल्याच लोकांच्या आळीत राहिली, तिथेच विकलं, तिथेच बोलली. आता ती आळीच भिंतीत गेली. तिची टोपली माझ्या टोपलीपेक्षा मोठी होती आणि अंजिरंही माझ्यापेक्षा सरस होती. हे आज सांगते. तेव्हा जीभ कापली असतीत तरी सांगितलं नसतं.

पहिल्याच सकाळी तिने खणखणीत हाक दिली, "केत्स! ताजा, गोड केत्स!"

वेशीतली माणसं होती तिथे थबकली. उन्हाळी फळाला आम्ही कायित्स म्हणतो. केत्स म्हणजे शेवट. अश्शूर चार दिवसांच्या वाटेवर असताना ही बाई भर वेशीत ओरडत होती, शेवट घ्या, ताजा, गोड शेवट. एका गवंड्याच्या डोक्यावरची पाटी खाली आली. सगळे माना वळवून बाहेरच्या रस्त्याकडे बघायला लागले. होग्लाला वाटलं, नवी जागा आहे, लोक बुजतात. तिने आणखी मोठ्याने हाक दिली.

मला मात्र त्याच क्षणी कळलं. माझी सासू एफ्राइमच्या डोंगरातली होती. उत्तरेची माणसं असे शब्द आखडून बोलतात. द्राक्षारसाला आम्ही यायिन म्हणतो, सासू मरेपर्यंत येन म्हणाली. फळही केत्स आणि शेवटही केत्स, त्यांचं काही अडत नाही. मी दोन शब्द बोलले असते तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण लोक तिच्या टोपलीला वळसा घालून माझ्याकडे येत होते. मी मूग गिळून बसले.

पाच दिवस माझी टोपली दुपारच्या आत रिकामी झाली. तिची अंजिरं उन्हात फुटून माशांना मिळाली.

सहाव्या दिवशी भिंतीच्या कामाचा मुकादम अजबूक तिला दंडाला धरून वडीलमंडळींसमोर घेऊन आला. कामकऱ्यांचे हात गळतील असं जो बोलेल त्याला वेशीबाहेर काढायचं, असं मंडळींनी ठरवलं होतं. वेशीबाहेर म्हणजे अश्शूरच्या हातात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मंडळींत सगळ्यांत वडील हशूबबाबा. माणूस भला, पण त्या दिवसांत भले लोकही घाबरलेले होते.

"बाई, रोज सकाळी काय ओरडतेस तू?" त्यांनी विचारलं.

"केत्स, बाबा."

"कसला केत्स?"

"सध्या अंजिराचा आहे. द्राक्षांचा आठ-दहा दिवसांत येईल."

"ऐकलंत?" अजबूक म्हणाला. "दिवससुद्धा मोजून सांगतेय."

हशूबबाबांनी दाढी चाचपली. "तुला हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे, बाबा? मळ्यात जाऊन या, डोळ्यांना दिसतंय."

"आणि लोकांना वाटत फिरतेस?"

"कुठलं वाटतेय. फुकट देते म्हटलं तरी पळतात."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. हशूबबाबांनी मान हलवली. "हिला बाहेर काढा. मुलगी इथे राहिली तरी चालेल."

होग्लाला कशाबद्दल काढतायत तेच कळलं नव्हतं. तिला वाटलं असावं, उत्तरेच्यांना काढतात तसं काढतायत. ती रडली नाही. डोक्याचं फडकं नीट बांधलं आणि हळूच विचारलं, "टोपली पोरीकडे देऊन जाऊ का?"

पाच दिवसांच्या विक्रीसाठी मी एक माणूस मारायला निघाले होते.

"हशूबबाबा, थांबा जरा," मी म्हणाले. "तुमच्या शेजारच्या सुरईत काय आहे ते विचारा तिला."

"आता हे काय मध्येच?"

"विचारा तर खरं."

त्यांनी विचारलं. होग्लाने वास घेतला. "येन आहे. जरा आंबट झालंय."

"यायिन म्हण," अजबूक म्हणाला.

"येन."

"अगं बाई, यायिन!"

"मग मी काय म्हणतेय?"

हशूबबाबांनी सुरईकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि म्हातारा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. त्या उन्हाळ्यात वेशीत कुणी असं मोकळं हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "म्हणजे ही पाच दिवस इथे अंजिरं विकत होती?"

"विकत कुठे होते, बाबा," होग्ला म्हणाली. "नुसती बसले होते."

मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "अटारा, तुला हे कधी उमगलं?"

"आत्ताच," मी म्हणाले.

होग्ला जमिनीकडे बघत होती.

तिला राहू दिलं, पण तोंडातून तो शब्द काढायचा नाही, ही अट. अजबूक म्हणाला, हाक न मारता कोण विकतं? मी म्हणाले, "हाक मी मारेन." आणि माझ्या दगडावर सरकून तिला जागा दिली. तेव्हापासून टोपल्या दोन आणि आवाज एक. लोक अंजिरं निवडायचे ते तिच्याच टोपलीतून. मी कायित्स म्हणून ओरडत राहिले.

द्राक्षांचा मोसम आमच्या वाट्याला आलाच नाही. त्यानंतर आठव्या दिवशी वेस बंद झाली. तटावरून छावणीची धूळ दिसत होती. आम्ही दोघी सवयीने दगडावर बसलो होतो. तिच्या टोपलीत एकच अंजीर उरलं होतं आणि माझ्या छातीवर ओझं.

"होग्ला, मी त्या दिवशी खोटं बोलले," मी म्हणाले. "मला पहिल्याच सकाळी कळलं होतं."

"माहीत आहे, ताई."

"कसं?"

"मी हाक दिली तेव्हा सगळे रस्त्याकडे बघायला लागले," ती म्हणाली. "तू एकटी माझ्या टोपलीत बघत होतीस."

मी विचारलं, "मग मंडळींसमोर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर हाक कुणी मारली असती?"

तिने अंजीर मधोमध फाडलं. एक भाग जरा मोठा निघाला, तो तिने माझ्या हातावर ठेवला.