जुन्या बाजाराचा फोन

जुन्या बाजाराचा फोन एंगेज लागला, तेव्हा तिला वाटलं, आपलंच बोट चुकीच्या बटणावर पडलं असेल. भुयारी रेल्वेच्या कंट्रोल रूममधून पहिली गाडी सोडण्याआधी प्रत्येक स्टेशनला फोन करून 'सगळं ठीक?' असं विचारायचं, हा लाइन सुरू झाल्यापासूनचा रिवाज. जुना बाजार हे मधलं स्टेशन तिथला बाजार उठून गेल्यावर बंद पडलं, फोनही काढून नेला. तरी त्याचं बटण दाबायचं, कानात दाटलेली मुकी शांतता क्षणभर ऐकायची आणि मगच पुढच्या स्टेशनकडे वळायचं. वाटेतल्याला वगळू नये, म्हणत.

तिला काम शिकवणाऱ्या जुन्या कंट्रोलरकाकांनी ते हसण्यावारी नेलं. "काढून नेलेला फोन कुणाशी गप्पा मारत बसणार गं, भागूबाई?"

ती भित्री होतीच. दार आपटलं तरी दचकायची. पण इथे ती सुखात होती. शहरातली ही पहिलीच लाइन. आधी रूळ आले, मग त्यांच्या मागोमाग दुकानं, कॉलेजं, घरं. तिची आई याच लाइनने कॉलेजला जायची, आणि बाबांनी आईच्या पायावर छत्री पाडून ओळख काढली तीही याच गाडीत. समोरच्या फळ्यावर गाड्यांचे दिवे सरकू लागले, की अख्खं शहर आपलं बोट धरून चाललंय, असं तिला वाटे.

मग तो फोन रोजच एंगेज लागू लागला. तिने पुन्हा विषय काढला तेव्हा काका हसले नाहीत. तिला कायम करायचं की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. आणि नसते आवाज ऐकणाऱ्याच्या हाती गाड्या देता येत नाहीत, त्यापेक्षा तिकीटखिडकी बरी, हे त्यांनी मायेनेच, पण स्पष्ट सांगितलं.

शेऱ्याच्या दिवशी तिने मनाशी ठरवलं, काहीही ऐकू आलं तरी चेहरा हलू द्यायचा नाही. काका समोर चहा घेत बसले होते. तिने बटण दाबलं. पलीकडे घंटा वाजली आणि फोन उचलला गेला.

"कंट्रोल बोलतेय," एक धास्तावलेली मुलगी म्हणाली. "केव्हापासून एंगेज लागतोय तुमचा फोन. सगळं ठीक?"

तिने काकांकडे पाहिलं. कप त्यांच्या ओठांना लागलेला होता.

फोनमध्ये, त्या मुलीच्या मागून, काका हसले. "कुणी नाही गं तिथे, भागूबाई. ठेव, आणि पुढचं स्टेशन लाव."