बावन्न ठोके

आमचे हे घड्याळजी. चाळीस वर्षं लोकांच्या घड्याळांत डोकं घालून बसले, त्यामुळे स्वतःच्या छातीतलंही आपल्यालाच जास्त कळतं असा यांचा ठाम समज. हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच बुजली आहे म्हणून डॉक्टरीणबाईंनी ठोके कमी करणारी गोळी दिली. रोज सकाळी एक, बस्स. चार दिवसांनी यांनी दुकानातलं सेकंद-काट्याचं घड्याळ समोर ठेवून नाडी मोजली. मिनिटाला बावन्न!

"अगं, मी मागे पडतोय," म्हणाले. "बहात्तर हवेत."

"कुठे गाडी गाठायची आहे तुम्हाला?" मी म्हटलं आणि कामाला लागले. तिथेच चुकलं माझं.

पुढच्या तपासणीला बाईंनी यांच्या छातीवर तारा चिकटवल्या, कमरेला छोटं यंत्र अडकवलं आणि हातात एक वही दिली. यंत्र चोवीस तास हृदयाचा आलेख काढणार. यांनी वेळ घालून लिहायचं, काय करत होतो आणि छातीत दुखलं का. वहीभर मोत्यासारखं अक्षर: 'दुखलं नाही.' 'अजिबात नाही.' 'एकदा सांगितलं ना, नाही!'

दुसऱ्या दिवशी बाईंनी आलेख बघितला, वही बघितली आणि चष्मा काढून ठेवला.

"काका, काल सहा वेळा तुमच्या हृदयाला रक्त कमी पडलं."

"पण दुखलं कुठे?" हे असे खूश, जणू पैज जिंकली.

"तेच वाईट आहे. काहींचं हृदय ओरडतच नाही, मुकाट सोसतं. आणि तुमचे ठोके एवढे जास्त कसे? गोळी घेता ना?"

"अर्धी घेतो," हे ऐटीत म्हणाले. "चिमट्यात धरून पात्याने कापतो. बरोब्बर बहात्तरवर आणलंय."

देवा रे! पर्स फेकून मारावीशी वाटली मला. बाई मात्र शांत. "ठोके हळू पडले की हृदयाला रक्त कमी लागतं, आहे तेवढं पुरतं. तुम्ही त्याला उपाशी पळवताय."

"सगळ्यात जास्त वेळ कधी झालं?" मी विचारलं. मी यांच्यावर ओरडले तेव्हाच असणार, अशी माझी खात्री.

"दुपारी चार दहाला. एकोणीस मिनिटं." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

'चार दहा: ही खुर्चीत झोपली आहे. तोंड उघडं. पंखा कमी केला. शेजारी बसून बघतोय. दुखलं नाही. मजेत.'

मला रडूच फुटलं. हा माणूस माझ्यापासून हातभर अंतरावरून कायमचा जायला निघाला होता, आणि मी मस्त घोरत होते! त्यालाही पत्ता नाही, मलाही नाही.

"अगं, घोरत नव्हतीस," हे हळूच म्हणाले. "उगाच काय?"

आता रोज सकाळी गोळी मी देते. अख्खी. गिळल्यावर तोंड उघडायला लावते, जीभ वर करायला लावते. मग हे मनगट धरून बसतात.

"बावन्न," कुरकुरतात. "या चालीचं घड्याळ कुणी दुकानात आणलं असतं ना..."

"हळू चालू दे," मी म्हणते. "बंद पडलेलं मला नकोय."

 मग हे मनगट सोडून माझा हात धरतात, तेही न मोजता.