येळवशीचा पाव्हणा

औशाच्या शिवारात येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या जेवणाला, उमाबाईच्या मिसळीच्या भाज्यांच्या भज्जीला नावं ठेवील असा माणूस अजून जन्मायचा होता. पण जिच्यासाठी ती जीव ओतून करायची, ती लेकच तीन वर्षं आली नव्हती. पुनम. पोरगा म्हणून वाढवलेली. बाविसाव्या वर्षी "माय, मी बाई हाय" म्हणाली, आणि उमाबाईच्या तोंडून जे निघालं ते ऐकून तिनं तडक नांदेड गाठलं.

यंदा उमाबाईनंच फोन केला. "ये. साडी नेसून ये. कोण काय बोलतंय ते मी बघते."

पुनम आली. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं पदर सावरत वाकली, तशी उमाबाईनं तोंड फिरवून डोळे पुसले. वर धुराला शिव्या दिल्या.

मग पंगत बसली. पंगतीत शिवकुमार होता. लातूरच्या दालमिलमधला मुकादम, बायको वारलेली, पुनमचं सगळं ठाऊक असून लग्नाला तयार झालेला.

"माय, ह्यो कोण?"

"पाव्हणा. येळवशीला कुणालाबी बोलवत्यात. खाली बघून वाढ जरा."

पुनमनं पातेलं तिथंच टेकवलं आणि मायला बांधावर ओढून नेलं.

"मला पुरुष नको. नांदेडात मुग्धा हाय, शाळेवर शिकवती. दोघी एका घरात ऱ्हातो."

"मैत्रीण?"

"जोडीदार. माझा जीव बाईवर बसतो, माय."

"अगं भवाने! बाईच पाहिजे होती तर बाई कशाला झालीस? वाजतगाजत सून आणली असती मी!"

"मी कोण ते येगळं, जीव कुणावर ते येगळं. आप्पा जाऊन धा वर्सं झाली. म्हणून तू बाई राहिली न्हाईस का?"

उमाबाईनं बांधावरचं गवत उपटायला घेतलं.

पुनमनं पिशवी उचलली. "दोनची एसटी हाय."

पाठमोरी चालणारी लेक उमाबाईला पुन्हा बघवेना. "पाव्हणं, पोटभर जेवा," ती पंगतीकडं बघून ओरडली, "पर जेवणापुरतंच बरं का!" आणि डबा भरून, धापा टाकत सडकेला आली.

"आंबील चालती का तिला?"

पुनम थांबली. "पुण्याकडची हाय. तिनं बघितलीबी न्हाई."

"अरारा. मग बोलाव की पुढच्या येळवशीला."

"मी कशाला? तू बोलाव. घरची थोरली तू."

एसटी गेली. धुरळा बसला तरी उमाबाई तिथंच उभी. मुग्धाचा नंबर मागायचा राहिलाच होता. बरंच झालं म्हणा. उद्या लेकीला फोन करायला कारण झालं.