तीन दिवसांची खोली

बुलढाण्याला कॉलेज निघालं आणि गावात खोल्यांची चलती झाली. ज्याच्या घरी कुटाराची, गुरांच्या भुशाची कोठी होती त्यानं कुटार हलवलं, कोठी सारवली, चुना मारला आणि शिकणाऱ्या पोरांना भाड्यानं दिली. मुलीला मात्र कुणी खोली द्यायला धजत नसे. गोजरबाई धजल्या. दुसरबीडच्या पंजाबरावांची मुलगी कोकिळा पत्र्याची पेटी घेऊन त्यांच्या मागच्या खोलीत राहायला आली.

खोली गेली ती सुनेची, रुख्मिणीची. तशी ती तिची आहे असं कुणी म्हटलं नसतं. पण महिन्यातले तीन दिवस बाहेर बसायचं, तेव्हा ती तिथं बसे. चूल नाही, जातं नाही, उठल्याबसल्या हाका नाहीत. सासूबाई उंबऱ्यातून ताट सरकवून निघून जात. ती खाटेवर पाय पसरून खिडकीतलं सीताफळाचं झाड बघत राही. पानापानाशी तिची ओळख झाली होती. सासरी असून माहेर भोगायचं ते एवढंच.

आता त्या दिवसांत तिला न्हाणीपलीकडचं छप्पर मिळालं, गोवऱ्यांच्या शेजारी. तिथून खोलीचं दार समोरच दिसे. कोकिळा यायची, चपला काढायची, आत जाऊन कडी लावायची. ती कडी लागली की रुख्मिणी दाराकडं पाठ फिरवून बसे. कोकिळेच्या रिबिनी, तिचं ते शिकलेलं ‘मला-तुला’ बोलणं, पुस्तक उघडं टाकून दुपारचं झोपणं, सगळंच तिला सलायचं. त्यात गोजरबाई कोकिळेला म्हणायच्या, “वाळली वं पोरी, दूध घे थोडं.” सून वाळली की फुगली, ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

चार महिन्यांनी एक गोष्ट रुख्मिणीच्या ध्यानात आली. तूर निवडता निवडता तिनं ती सासूपुढं टाकली.

“आत्याबाई, बोलू का नको समजत नाही.”

“बोल ना वं. आता काय आमंत्रण देऊ तुले?”

“कोकिळा आल्यापासून एकदाबी बाहेर नाही बसली. रोज माठाले हात लावते, तुळशीले पानी घालते.”

गोजरबाईंचा सुपातला हात थांबला. रुख्मिणी मनात हरखली. संध्याकाळपर्यंत पेटी अंगणात येणार!

कोकिळा कॉलेजातून आली तशी गोजरबाईंनी तिला अंगणातच अडवलं. “काऊन वं, तू बाहेर बसत नाहीस?”

कोकिळेचा चेहरा उतरला. “काकू, कॉलेजात कुठं बाहेर बसू? तिथं हजेरी घेतात. हजेरी बुडली तर वडील मला घरी नेऊन बसवतील. चुलत्यांनी स्थळसुद्धा पाहून ठेवलंय.”

गोजरबाईंनी तुळशीकडं पाहिलं, मग मागच्या खोलीकडं. त्यांना देवालाही दुखवायचं नव्हतं आणि भाडंही सोडायचं नव्हतं.

“कॉलेजात तू काय करतं ते तुहं तू पाह्य,” अखेर त्या म्हणाल्या. “माह्या घरात विटाळ नको. आजपासून ते खोलीच बाहेरची. तुहे दिवस आले का इकडं पाय टाकू नको, खोलीत आपला माठ आधीच भरून ठेव. आन् रुख्मे, तूबी आपले दिवस तिथंच बसत जाय. छपरात बसून खोकला धरला तुले, माह्या कानावर येते सगळं.”

“या की वहिनी,” कोकिळा हसली. “खाट चांगली ऐसपैस आहे.”

रुख्मिणीला ते हसणं फार लागलं. आपण चुगली केली हे हिला कळलंच नाही, की कळूनही ही हसते?

पुढच्या महिन्यात रुख्मिणी पुन्हा त्या खोलीत बसली. कोकिळेनं वेणी घातली, दोन पुस्तकं छातीशी धरली, पायात चपला सरकवल्या.

“वहिनी, कडी आतून लावून घ्या हं. पडा निवांत.”

रुख्मिणीनं कडी लावली. खाट, खिडकी, कडी, चार महिने जीव जाळून मागितलेलं सगळं तिच्या हाती आलं होतं. ती पाय पसरून बसली. बाहेर गल्लीत चपलांचा आवाज लांब जात होता. वळणावर दुसऱ्या कुणी मुली कोकिळेला भेटल्या असाव्यात, त्या सगळ्या मिळून मोठ्यानं हसल्या.

रुख्मिणी उठून खिडकीशी गेली. मान वाकडी केली, चवड्यांवर उभी राहिली. रस्ता काही दिसेना. मध्ये सीताफळाचं झाड होतं. त्या झाडाचा तिला पहिल्यांदाच राग आला.