अप्पांचा भराव

प्लॉट घेतला तेव्हा तो मुळात खड्डाच होता. शेजारी रस्त्याच्या पातळीवर आणि आम्ही दोन पुरुष खोल. तेव्हापासून आमच्या वडिलांना, अप्पांना, एकच नाद लागला. गावात कुठे काही पाडलं, खोदलं की शिवणाचं मशीन सोडून निघायचं, डंपरवाल्याला चहा पाजून पटवायचं आणि माल आमच्या प्लॉटवर ओतवून घ्यायचा. आई म्हणायची, "लोक सोनं साठवतात, ह्यांनी राडारोडा साठवला." अप्पा हसायचे. भाड्याच्या दोन खोल्यांत राहून त्यांनी प्लॉट रस्त्याच्या बरोबरीला आणला, याचं त्यांना कोण कौतुक!

यंदा घराची खोदाई सुरू केली. काम मी पाहत होते, कारण अप्पांचं हृदय आता त्यांना चार पावलंसुद्धा धड चालू देत नव्हतं. पुढच्या वर्षाची आशा धरू नका, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. अप्पांना कुणी सांगायची गरज पडली नाही. स्वतःच्या घरात एक रात्र तरी झोपायचं, एवढंच ते म्हणत. म्हणून मी सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागले. झुडपं काढून घेतली, चुन्याच्या रेघा मारून घेतल्या, खोदाईचा पोकलेन आणला.

पोकलेन खाली जात राहिला आणि वर येत राहिल्या विटा, फरश्यांचे तुकडे, गंजक्या सळ्या. कठीण थर लागायचं नाव नाही. इंजिनिअर काठाशी उकिडवा बसला आणि मूठभर माती बोटांत चुरडत राहिला. माती चुरडणारा इंजिनिअर मला मुळीच आवडत नाही.

"ताई, हा सगळा भराव उपसावा लागेल," तो म्हणाला. "खाली मुरूम लागेपर्यंत जायचं, मग पायाचं डिझाइन नव्याने करायचं. घर पुढच्या वर्षाअखेरीला होईल."

"आणि इथेच पाया घातला तर?"

"वेळेत उभं राहील. पण खचेल. आज ना उद्या भिंती तडकतील. मी सही करणार नाही."

"मग सही करणारा शोधते," मी ताडकन म्हणाले. मला त्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त त्या विटांचा.

अप्पांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. पण दुसऱ्याच दिवशी आईचा हात धरून अप्पा रिक्षातून प्लॉटवर उतरले. मी घाईघाईने काठापासून लांब खुर्ची टाकली. ते बसले आणि उपसलेल्या ढिगाकडे बघू लागले.

"ही थिएटरची फरशी. ती विटकर शाळेच्या जुन्या भिंतीची. तेव्हा दोन दिवस डंपरमागे फिरलो होतो मी." ओळखीची माणसं भेटल्यासारखे ते खुलले होते. मग एकदम थांबले. "मुरूम लागला?"

"लागेल आता."

"मला नको शिकवूस. हे सगळं मीच ओतलंय. आपली जमीन केवढी खाली आहे ते मला विचार."

मग मला लपवता येईना. इंजिनिअरचं म्हणणं सांगून टाकलं. "सगळं उपसायचं म्हटलं तर अप्पा, घर तुम्हाला..."

"दिसणार नाही. बोल की."

मी सगळ्यांच्या देखत रडले. "मी वरच पाया घालते. तुम्ही राहा त्यात. भिंती तडकल्या तर तडकू देत, मग माझं मी बघून घेईन."

"त्या भिंतींखाली तुझी आई झोपणार आहे," अप्पा म्हणाले. "मी गेल्यावरही."

आईने तोंड रस्त्याकडे फिरवलं.

"पसारा मी घातलाय, माझ्यासमोरच निघू दे," अप्पा म्हणाले आणि त्यांनी पोकलेनवाल्याला हाक मारली, "चालव रे बाबा. सगळं काढ."

मशीन सुरू झालं, पण बकेट हलेना. कामावर इशारा माझ्या एकटीचाच चालायचा; मी हात वर केला की खोदायचं. पोकलेनवाला काचेतून माझ्याकडे बघत होता. अप्पाही बघत होते.

मी हात वर केला.