बाराव्या स्वेटरची दुसरी बाही

प्लंबरची बायको उत्तम स्वेटर विणते हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि प्लंबरकडे तिच्या हातचा एकही स्वेटर नाही हेही. एकतीस वर्षांच्या संसारात तिने अकरा स्वेटर विणले आणि अकराच्या अकरा स्वतःसाठी. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, जावयाला तर नाहीच नाही. प्लंबर बिचारा दुकानातून आणलेला, कोपरावर विरलेला स्वेटर घालून भर थंडीत लोकांचे नळ दुरुस्त करत फिरायचा.

"लोकांच्या बायका नवऱ्यांसाठी विणतात," असं दर हिवाळ्यात एकदा तरी तो ऐकवायचाच.

"तुम्हाला थंडी वाजते आणि मला विणायला आवडतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," सुईवरची नजर न काढता ती म्हणायची.

दिवसभर ती औषधांच्या दुकानात उभी राहून जगाची दुखणी ऐकायची. घरी आल्यावर खिडकीजवळच्या खुर्चीतला एक तास तिचा असायचा आणि त्यात वाटेकरी नव्हता. मुलीने लहानपणी एकदा हौसेने तिच्या स्वेटरात चार टाके विणले होते, तर तिने ते मुलीच्या देखत उसवून टाकले. "तुझा हात वेगळा, माझा वेगळा," एवढंच म्हणाली. मुलगी दोन दिवस फुगून बसली होती.

बारावा स्वेटर विटकरी रंगाचा होता. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली, दुसरीची मनगटाकडची पट्टी झाली. आणि एका सकाळी दात घासताना ब्रश तिच्या हातातून गळून बेसिनमध्ये पडला. तो उचलायला गेली तर हात उचलेचना.

झटका सौम्य होता असं डॉक्टर म्हणाले. बोलणं शाबूत राहिलं, पाय महिन्याभरात सावरला. उजवा हात मात्र रुसून बसला. पेला धरायचा तर दोन्ही हात लागायचे.

"हाताला काम हवं," डॉक्टरांनी प्लंबरला बाजूला घेऊन सांगितलं. "त्यांना आवडतं तेच काम द्या. सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे. आत्ता कंटाळून सोडून दिलं, तर हात असाच राहील."

प्लंबरने घरी येऊन सुया तिच्या मांडीवर ठेवल्या. डॉक्टरांचा शब्द म्हणून ती रोज सुया हातात घ्यायची. अर्धी ओळ व्हायला वीस मिनिटं लागायची, मग एखादा टाका सुटायचा, तो धरता धरता शेजारचा सुटायचा. तिचं तोंड लाल व्हायचं. आठवड्याने बाही होती तिथेच होती. सातव्या दिवशी तिने सुया खाली ठेवल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिली. रडली असती तर बरं, असं प्लंबरला वाटलं.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाची टाकी तशीच ठेवून तो लोकरीच्या दुकानात गेला.

"ताई, मला विणायला शिकवा. आणि कुणाला सांगू नका."

लोकरवालीने त्याच्या बोटांकडे बघितलं. प्रत्येक बोटाला भेगा होत्या आणि अंगठ्यावर पान्याचा जुना घट्टा होता. पण तिने हसू दाबलं आणि त्याला स्टुलावर बसवलं. "दादा, यात दोनच गोष्टी. सुलट टाका आणि उलट टाका. बाकी सगळं यातूनच होतं."

प्लंबरला हे काही पटेना. त्याचा जन्म जोडकामात गेला होता. नळीला नळी जोडायची तर आटे पाडा, फीत गुंडाळा, वॉशर घाला, आवळा, आणि एवढं करून वर्षाने ते गळणारच. इथे एकच धागा, तोही न कापलेला, कुठे गाठ नाही, डिंक नाही. स्वतःच्याच अंगातून स्वतःला ओवत वर चढायचा आणि त्याचं कापड व्हायचं. टोक ओढलं की पुन्हा नुसता धागा. तीन दुपारी तो तिथे घाम पुसत बसला आणि चौथ्या दुपारी घरी येऊन त्याने तिने विणलेली पाठ मांडीवर घेऊन मोजली. शहाण्णव टाके, एकशे चाळीस ओळी. तेरा हजारांवर जोड, आणि एकही गळत नव्हता.

मग त्याने कपाट उघडलं. एकतीस वर्षं त्याचे शर्ट त्या अकरा स्वेटरांना लागून टांगलेले होते. आज पहिल्यांदा त्याने एकेक बाही हातात धरली. कोपराशी वळताना वीण कुठे ताणलेली नव्हती, खांद्याशी टाके एकेक करून कमी केलेले दिसत होते. हे सगळं आपल्या घरात, आपण चहाला उशीर का म्हणून कुरकुरत असताना झालं, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. शेजारच्या खोलीत झोपलेल्या बाईशी आपण इतकी वर्षं ती कुणी साधीसुधी असल्यासारखं बोलत आलो, असंही त्याला वाटलं.

त्या दिवसापासून त्याचा उद्योग सुरू झाला. जेवणानंतरच्या गोळ्यांनी तिला तासभर झोप लागायची. तेवढ्यात तो दार लोटून घ्यायचा आणि बाहीच्या दोन ओळी विणायचा. चव्वेचाळीस टाके सुलट, चव्वेचाळीस उलट. बाही वाढलेली दिसली की आपल्यालाच जमतंय असं तिला वाटेल, ती हुरूप धरेल, असा त्याचा हिशेब. सापडलो तर ती सगळं उसवेल आणि सुया कायमच्या ठेवून देईल, ही धाकधूकही होती.

पण युक्ती लागू पडली. पहिल्याच संध्याकाळी तिने बाही हातात घेतली, बराच वेळ उलटसुलट करून पाहिली आणि एक अख्खी ओळ विणली. दोन दिवसांनी दोन. मग तीन. टाके सुटायचे, पण ती ते पुन्हा पकडायची. प्लंबर पेपराआडून बघायचा आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचा.

पाचव्या आठवड्यात बाही खांद्याला भिडली. त्या सकाळी तिने ती टेबलावर पसरली आणि त्याला हाक मारली.

"अहो, डोळे मिटा. आणि बोट फिरवा खालून वर."

त्याने भीत भीत बोट फिरवलं.

"सैल आहे ना, ती मी. आता घट्ट लागलं? ते तुम्ही. परत मी. परत तुम्ही. इथे तुम्हाला कामावरून फोन आला असणार, निम्मी ओळ घाईची आहे. आणि इथे हात न धुता बसला होतात."

प्लंबरने डोळे उघडले. त्याला दोन्ही ओळी सारख्याच दिसत होत्या.

"टाक्याला दोन पाय असतात," ती म्हणाली. "सुई पुढच्या पायातून घालायची. तुम्ही इतकं आवळता की तिथे जागाच उरत नाही, म्हणून तुम्ही मागून घुसलात. नळाखाली घुसता तसे. तुमचे चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस टाके पायावर पाय टाकून बसलेत."

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

तिने बाहीच्या खालच्या ओळींवर बोट ठेवलं. "त्या संध्याकाळी मी तुम्हाला सांगणार होते, लोकर कुणाला तरी देऊन टाका म्हणून. मनाशी ठरलं होतं. तेवढ्यात या दोन ओळी दिसल्या. म्हटलं, या माणसाने एकेका टाक्याला किती घाम गाळला असेल. आणि मी सोडलं तर हा माझी बाही पुरी करून मोकळा होईल. तीही अशी आवळलेली."

प्लंबरला हसावं की रडावं कळेना. तो खाली मान घालून म्हणाला, "माझ्या ओळी काढून टाकतो मी. सांग कशा काढायच्या. तुझा स्वेटर तुझाच राहू दे."

"काढता येत नाहीत," ती म्हणाली. "खालची तुमची एक ओळ काढायची, तर तिच्यावरच्या माझ्या सगळ्या सोडाव्या लागतात."

प्लंबर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. तिने मोठ्या सुईत लोकर ओवली. पहिल्यांदा टोक हुकलं, दुसऱ्यांदा हुकलं, तिसऱ्यांदा गेलं. मग ती उजव्या हाताने, एकेक टाका घेत, बाही खांद्याला जोडू लागली, आणि तो तिच्या बोटांवरून नजर न हलवता बघत राहिला.